धुराडे आणि हजेरीपट

(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील व्याख्यान)



गावाच्या शिवेवर कारखान्याचे धुराडे उभे राहिले म्हणजे प्रथम गावाला आनंदच होतो. हाताला काम मिळते, रस्ता पक्का होतो, आठवड्याचा बाजार वाढतो. पुढे काही वर्षांनी एखाद्या हिवाळी सकाळी शाळेच्या ओट्यावर राखेचा पातळ थर दिसू लागतो, खिडकीच्या गजावरून हात फिरवला तर बोटे काळी होतात आणि प्रार्थनेच्या रांगेत खोकल्याचा आवाज वाढलेला जाणवतो. मग मुलास पोहोचविण्यास आलेली एखादी आई दाराशी थांबून विचारते, "गुरुजी, या धुरानं पोरांना काही होत तर नाही ना?"

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र अवघड आहे. शिक्षक हा वैद्य नव्हे आणि कारखान्याचा अभियंताही नव्हे. त्यामुळे त्याच्यापुढे दोन सोपे मार्ग दिसतात. "काही होत नाही, काळजी करू नका" असे म्हणून आईस वाटेस लावावे, हा एक. आणि "या कारखान्याने सारा गाव आजारी पाडला" असे चावडीवर सांगत सुटावे, हा दुसरा. पहिल्यात माहितीवाचून धीर दिला जातो, दुसऱ्यात माहितीवाचून भीती पसरते. दोन्हींत उणीव एकच : ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याप्रमाणे सांगितली जाते. शिक्षकाच्या पेशाला यांपैकी एकही शोभत नाही.

तिसरा मार्ग आहे आणि तो शिक्षकाच्या टेबलावरच असतो. तो म्हणजे हजेरीपट. गावात कोणते मूल कोणत्या दिवशी घरी राहिले याची रोजच्या रोज, वर्षानुवर्षे नोंद ठेवणारी दुसरी वही गावात सहसा नसते. ही नोंद नीट ठेवली आणि नीट वाचली, तर ती लोकांच्या चिंतेला खरे उत्तर देऊ शकते. हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. जपानातील एका औद्योगिक नगरात सामान्य गृहिणींनी हे काम प्रत्यक्ष करून दाखविले आहे. ती हकीकत सांगण्यापूर्वी धुराचा मुलांशी संबंध कसा येतो, हे थोडक्यात पाहणे इष्ट होईल.

धूर म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे. त्यात डोळ्यांना दिसणारी काजळी व राख असते, तसेच डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण व वायूही असतात. मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण नाकातील केसांना चुकवून श्वासनलिकेत उतरतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोहोचतात. कोळसा व खनिज तेल यांत गंधक असते. ते जळले म्हणजे सल्फर डायऑक्साइड हा वायू तयार होतो. श्वासमार्गाच्या ओलाव्यात तो विरघळतो, तेथे दाह उत्पन्न करतो आणि दम्याच्या रोग्याचा श्वास कोंडतो.

मुलांवर याचा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता मिनिटास साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो; सहा-सात वर्षांचे मूल २० किंवा त्याहून अधिक वेळा घेते. शरीराच्या वजनाच्या मानाने पाहिले तर मुलाच्या छातीत मोठ्यांपेक्षा जास्त हवा जाते. शिवाय ते मैदानावर धावते आणि धावताना तोंडाने श्वास घेते, म्हणून नाकाची गाळणी निरुपयोगी ठरते. त्याचे फुप्फुस अद्याप वाढत असते. वाढत्या रोपास लागलेली झळ आणि जुन्या झाडास लागलेली झळ यांत जो फरक, तोच येथेही असतो.

हिवाळ्यात हा त्रास वाढतो. एरव्ही जमिनीजवळची हवा उबदार असते, ती वर चढते आणि धुरास घेऊन जाते. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते. खालची हवा गार व वरची तुलनेने उबदार, असे उलटे थर बनतात, आणि धूर झाकण ठेवलेल्या भांड्यातल्याप्रमाणे खालीच कोंडून राहतो. ऊन चांगले तापल्यावर तो विरतो. शाळेची प्रार्थना व कवायत नेमकी या कोंडलेल्या वेळी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता जपानातील हकीकत. त्या देशाच्या दक्षिणेकडील क्यूशू बेटाच्या उत्तर टोकास दोकाई नावाचा उपसागर आहे. त्याच्या काठी यावाता येथे १९०१ साली सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला. पुढे त्याच्या आजूबाजूस रसायनांचे, सिमेंटचे व विजेचे कारखाने उभे राहिले. तेथील आकाशातील नाना रंगांचा धूर ही भरभराटीची खूण मानली जाई आणि लोक त्याचा अभिमान बाळगीत. १९६३ साली यावाता, तोबाता व शेजारची तीन शहरे मिळून किताक्यूशू हे एक महानगर बनविण्यात आले.

यांपैकी तोबाता येथील नाकाबारू वस्तीत वीजकेंद्राची काजळी घराघरांत येई. १९५० साली तेथील महिला मंडळाच्या सभासदांनी तक्रार करण्यापूर्वी एक साधा प्रयोग केला. धुतलेली पांढरी वस्त्रे त्यांनी उघड्यावर टांगली आणि ती किती काळवंडतात हे पाहिले. हा पुरावा घेऊन त्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. पुढील वर्षी त्या वीजकेंद्रात धूळ पकडणारी यंत्रे बसविण्यात आली.

१९६० नंतर तोबातातीलच सानरोकू वस्तीतील स्त्रियांनी हे काम पुढे नेले. त्यांची अडचण मोठी होती. त्यांतील पुष्कळ जणींचे पती त्याच कारखान्यांत नोकरीस होते. पुरुषांना उघड बोलणे कठीण होते, आणि स्त्रियांनी बोलावे तर घरातील चुलीचा प्रश्न होता. म्हणून त्यांनी आरडाओरडा टाळला आणि अभ्यास सुरू केला. यामागुची विद्यापीठातील एका प्राध्यापकाचे मार्गदर्शन त्यांनी मिळविले. वस्तीत ठिकठिकाणी पडणारी धूळ गोळा करून मोजली. आणि प्राथमिक शाळेतील मुलांच्या आजारपणामुळे झालेल्या गैरहजेरीचे आकडे मिळवून ते हवेतील दूषणाच्या आकड्यांशी ताडून पाहिले. दूषण आणि आजारी मुलांची गैरहजेरी यांचा संबंध त्यांना कागदावर मांडता आला. शाळेच्या कपाटात पडून असलेल्या हजेरीपटाला अशी वाचा फुटली. १९६५ साली तोबातातील महिला मंडळांच्या संघाने या साऱ्या कार्याचा एक लहानसा चित्रपटही तयार केला. निळे आकाश हवे, अशा आशयाचे त्याचे नाव होते.

त्या काळच्या परिस्थितीची कल्पना एका आकड्यावरून येईल. यावाताच्या शिरोयामा भागात १९६५ साली दर महिन्यास सरासरी ८० टन धूळ एका चौरस किलोमीटरवर पडत असे. हा आकडा वर्गात गणितासाठीही घेता येईल. ८० टन म्हणजे ८ कोटी ग्रॅम, आणि एक चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. भागाकार केला तर एका चौरस मीटरवर महिन्यास ८० ग्रॅम धूळ येते. पन्नास मीटर लांब व चाळीस मीटर रुंद असे शाळेचे मैदान धरले तर त्यावर महिन्यास १६० किलो धूळ पडली असा हिशेब होतो. त्या शिरोयामा भागात प्राथमिक शाळा होती. वस्ती उठत गेली आणि १९७० नंतरच्या दशकात ती शाळाही बंद झाली. शिक्षकांच्या दृष्टीने याहून दुःखद शेवट कोणता असेल?

परंतु किताक्यूशूची कथा येथे संपत नाही. लोकमत जागे झाले, वर्तमानपत्रांनी साथ दिली, नगरपालिकेने लक्ष घातले. १९७१ साली महापालिकेने दूषणाच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र खाते उघडले आणि १९७२ साली ५४ कारखान्यांशी गंधकयुक्त वायू कमी करण्याचे करार झाले. इंधन बदलण्यात आले, धूळ पकडणारी यंत्रे बसली, यंत्रपद्धती सुधारल्या. १९८७ साली जपानच्या पर्यावरण खात्याने तारे स्वच्छ दिसणाऱ्या नगरांत किताक्यूशूची निवड केली आणि १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या नगरास 'ग्लोबल ५००' हा सन्मान दिला. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, पोलादाचा उद्योग त्या नगरातून हद्दपार झाला नाही. पोट भरावे की श्वास घ्यावा, असा पेच घालून जो वाद पुष्कळदा केला जातो, तो बहुधा अपुऱ्या माहितीचा वाद असतो.

तोबाताच्या स्त्रियांपासून घेण्याजोगा पहिला धडा नोंदीच्या खरेपणाचा आहे. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण केली म्हणजे काम संपते, अशी सवय असते. या खुणेवरून मूल आले नाही एवढेच कळते. का आले नाही हे कळत नाही. कापूस वेचणी, ऊसतोडणी, मामाच्या गावची जत्रा, घरचे लग्न, ताप, खोकला या सर्वांची खूण एकच. म्हणून निराळी साधी वही घालावी. तारीख, इयत्ता, आजारी म्हणून गैरहजर मुलांची संख्या, त्यांपैकी खोकला, दम किंवा डोळ्यांची जळजळ असलेल्यांची संख्या, एवढे चार रकाने पुरेत. पाचव्या रकान्यात वाऱ्याची दिशा लिहावी. त्यासाठी वेळूच्या टोकास बांधलेली कापडाची पट्टी किंवा मुलांनीच केलेला वातकुक्कुट चालेल. सहाव्यात धूर दिसला की नाही, वास आला की नाही, हे लिहावे. वरच्या वर्गातील मुले ही नोंद आनंदाने करतात आणि परिसर अभ्यासाचा पाठही त्यातच होतो. वहीत मुलांची नावे घालू नयेत. कोणाच्या घरी कोणता आजार आहे, हे गावाच्या चर्चेचा विषय होणे योग्य नव्हे.

दुसरा धडा तुलनेचा आहे, आणि येथे घाई करणारा फसतो. समजा, शाळेजवळ साखर कारखाना आहे. त्याचा गाळप हंगाम हिवाळ्यात जोरात असतो. त्याच काळात मुलांचा खोकला वाढला, म्हणून दोष बॉयलरच्या धुराचा, असे कोणी म्हणेल. पण सर्दीखोकला हिवाळ्यात सर्वत्रच वाढतो. मग खरे काय, हे कळावे कसे? त्यासाठी त्याच तालुक्यातील, धुराडे नसलेल्या गावाच्या शाळेतील त्याच महिन्यांची नोंद शेजारी ठेवावी लागते. दोन्हींकडे खोकला सारखाच वाढला असेल तर कारण थंडीचे असण्याचा संभव अधिक. एकीकडे तो बराच जास्त वाढला असेल, आणि धुराड्याकडून शाळेकडे वारा आला त्या दिवसांनंतर तो विशेष वाढत असेल, तर संशयास आधार मिळतो. मात्र हा आधार झाला, निकाल नव्हे. निकाल देण्यासाठी हवा मोजणारी उपकरणे व आरोग्याधिकाऱ्याची तपासणी हवी. शिक्षकाच्या वहीचे काम एवढेच की, तपासणी करणे आवश्यक आहे हे कोणास नाकारता येऊ नये.

या तुलनेत प्रामाणिकपणाची कसोटी लागते. घरात चुलीचा धूर कोंडत असेल, शाळेच्या मागेच कचरा व पालापाचोळा जाळला जात असेल, रस्त्यावरील मालमोटारींची धूळ वर्गात येत असेल, तर तेही वहीत आले पाहिजे. स्वतःच्या अंगणातील धूर झाकून दुसऱ्याच्या धुराड्याकडे बोट दाखविले तर सारी नोंद अविश्वासास पात्र ठरते. शाळेच्या आवारात कचरा जाळणे तर त्याच दिवशी बंद करता येते. त्यास कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरा धडा योग्य ठिकाणी दाद मागण्याचा आहे. भारतात हवेच्या दूषणासंबंधीचा कायदा १९८१ साली झाला. या कायद्याप्रमाणे दूषण करू शकणारा कारखाना राज्य मंडळाच्या संमतीवाचून चालविता येत नाही. ही संमती अटींसह दिलेली असते. मंडळाच्या अधिकाऱ्यास कारखान्यात जाऊन तपासणी करण्याचा व धुराचे नमुने घेण्याचा अधिकार आहे. १९८७ च्या दुरुस्तीनंतर कारखान्याचे काम थांबविण्याचा किंवा त्याची वीज व पाणी तोडण्याचा आदेशही मंडळ देऊ शकते. राज्यात हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते आणि त्याची प्रादेशिक व उपप्रादेशिक कार्यालये आहेत. हवा कितपत शुद्ध असावी याची राष्ट्रीय मानके २००९ साली ठरविण्यात आली. त्यांप्रमाणे चोवीस तासांच्या सरासरीत १० मायक्रॉनपर्यंतचे कण एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमहून, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण ६० मायक्रोग्रॅमहून अधिक असू नयेत. "धूर फार आहे" या वाक्यापेक्षा "शाळेजवळची हवा मोजून ती या मानकांत बसते की नाही ते कळवावे" ही मागणी कितीतरी बळकट ठरते.

ही मागणी शिक्षकाने एकट्याने करण्याचे कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तीत पालकांचे बहुमत असते. वहीतील तीन-चार महिन्यांचे आकडे समितीपुढे ठेवावेत. समितीने ठराव करावा. त्याच्या प्रती ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, गटशिक्षणाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय यांस जाव्यात. एक प्रत कारखान्याच्या व्यवस्थापकासही द्यावी. पुष्कळ वेळा धूळ पकडणारे यंत्र बसविलेले असते, पण ते नीट चालत नाही, आणि शेजारची शाळा पाहते आहे एवढे कळले तरी त्याची देखभाल होऊ लागते. कागद लिहिताना शब्द मोजके असावेत, आकडे जसेच्या तसे असावेत आणि कोणाच्या हेतूवर आरोप नसावा.

चौकशी चालू असताना मुलांची काळजी थांबवून ठेवता येत नाही. धूर खाली कोंडलेला दिसेल त्या सकाळी प्रार्थना वर्गात घ्यावी आणि कवायत व खेळ उन्हे वर आल्यानंतर ठेवावेत. धुराड्याच्या बाजूच्या खिडक्या त्या वेळी लावून घ्याव्यात. वर्ग झाडण्यापूर्वी पाण्याचा शिडकावा करावा किंवा ओल्या फडक्याने पुसावे, म्हणजे बसलेली धूळ पुन्हा उडणार नाही. जागा असेल तेथे कुंपणाला दाट पानांची झाडे लावावीत. ती धूळ काही अंशी अडवितात, वायूंना मात्र ती पुरी पडत नाहीत. ज्या मुलास वारंवार धाप लागते, त्याच्या पालकांस आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. "रडका आहे, पळायला नको म्हणतो" असा शिक्का अशा मुलावर मारू नये. त्याची छातीच त्याला थांबवीत असेल.

तथापि या उपायांनाच मुख्य उपाय मानण्याची चूक होऊ नये. जपानातच योक्काइची नावाचे बंदर आहे. तेथे १९५९ च्या सुमारास खनिज तेलाच्या रसायनांचे मोठे कारखाने सुरू झाले आणि लवकरच परिसरात दम्याचा विकार इतका पसरला की, तो त्या गावाच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. कारखान्यांजवळच्या शिओहामा प्राथमिक शाळेतील मुलांना तोंडावर बांधण्यास मुखपट्ट्या देण्यात आल्या, ती दिवसातून अनेक वेळा गुळण्या करीत, वर्गांत हवा शुद्ध करणारी यंत्रे बसविली गेली. शिक्षकांनी शक्य ते सारे केले. पण धूर येतच राहिला. १९६७ साली इसोझू या कोळी वस्तीतील नऊ रोग्यांनी सहा कंपन्यांवर फिर्याद केली आणि २४ जुलै १९७२ रोजी न्यायालयाने त्या सर्वांना मिळून जबाबदार धरले. त्याच वर्षी त्या प्रांताने गंधकयुक्त वायूंच्या एकूण प्रमाणावरच मर्यादा घातली. हवा सुधारली ती त्यानंतर. मुखपट्टीने मूल थोडेफार वाचते, पण ओझे मुलावरच राहते. ते ओझे जेथे धूर निघतो तेथे गेले पाहिजे. शाळेच्या गीतात पूर्वी त्या कारखान्यांचे गौरवाने वर्णन होते. निकालाच्या वर्षी ते शब्द बदलण्यात आले.

एक नाजूक गोष्ट उरते. कारखान्याने शाळेस खोल्या बांधून दिलेल्या असतात, बाके दिलेली असतात, राष्ट्रीय सणास खाऊ वाटलेला असतो. वर्गातील निम्म्या मुलांचे वडील तेथेच कामास जातात. अशा ठिकाणी शिक्षकाने वही उघडली तर "गुरुजी गावाच्या पोटावर उठले" असे कोणी म्हणेल. याला उत्तर तोबाताच्या स्त्रियांनी दिले आहे. त्यांच्या घरची चूलही त्याच कारखान्यांवर पेटत होती. त्यांनी कारखाना बंद करा असे म्हटले नाही, धूर थांबवा असे म्हटले. आणि ते म्हणण्यापूर्वी मोजून पाहिले. देणगीबद्दल आभार मानावेत, पावती द्यावी, पण हजेरीपटावरील आकडा देणगीने बदलत नाही हेही लक्षात ठेवावे. कदाचित वर्षभराच्या नोंदीनंतर असे निष्पन्न होईल की, गावाची भीती अनाठायी होती. तेही तितक्याच स्पष्टपणे समितीस सांगावे. जो शिक्षक भीती खोटी ठरली असता ते सांगतो, त्याचाच शब्द भीती खरी ठरली असता ऐकला जातो.

शाळेत मुलास हजर राहण्याची सक्ती आहे. कायद्याने व समाजाने पालकांस सांगितले आहे की, मूल रोज शाळेत धाडलेच पाहिजे. ज्या जागी यावयास मुलास भाग पाडले जाते, त्या जागेची हवा कशी आहे याची विचारपूस करणे ही त्या सक्तीचीच दुसरी बाजू आहे. मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. उद्याच्या हजेरीपासून गैरहजर मुलाच्या नावापुढे "का?" एवढा एक प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर वहीत उतरवून ठेवावे.